रांगेतली जागा

भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी कंटेनर एकामागे एक थबकलेले असतात. तिथल्याच एका फाटकात रोज सात वाजता माझे मामा रखवालदारांची हजेरी घेतात. बारा माणसं, दोन रांगा. कुणी आझमगढचा, कुणी दरभंग्याचा, दोघे मुरबाडचे. त्या दिवशी मागच्या रांगेत एक जागा रिकामी होती. शेजारचा सरकायला लागला तसे मामा म्हणाले, "राहू दे. तो गावाहून निघालाय."

मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठ्ठावीस वर्षं काढून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माझी आई त्यांची धाकटी बहीण. तिचं सासर भिवंडीत, म्हणून साताऱ्याकडचे मामा इथे नोकरीला आले. मी सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. माजी सैनिकांच्या कुटुंबांसमोर मला जवानांच्या आत्महत्यांवर बोलायचं होतं. माझी टिपणं मामांनी एकदा बघावीत म्हणून डबा घेऊन त्या दिवशी मीच गेले. हजेरी संपल्यावर आम्ही फाटकाच्या खोलीत बसलो. पहिल्याच पानावर त्यांचं बोट थांबलं.

मामा : हे काय लिहिलंयस? "पलटणीच्या आपलेपणाचा दाब." अगं, दाब कसला? पलटण माणसाला धरून ठेवते. जे गेले ते पलटणीपासून सुटले म्हणून गेले.

मी : तेच तुमच्याकडून तपासून घ्यायचंय. आधी आकडे बघा. जुलै २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली. भूदलात ६४२, हवाई दलात १४८, नौदलात २९. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा हिशोब वेगळा. २०२० ते २०२४ या काळात तिथे ७३०.

मामा : एकेक आकडा म्हणजे कुणाचा तरी पोरगा, नाही म्हणत नाही. पण भूदलात बारा लाखांच्या आसपास माणूस आहे. पाच वर्षांत ६४२ म्हणजे वर्षाला लाखामागे दहा-अकरा. देशाचा दर किती?

मी : २०२१ मध्ये लाखामागे १२.

मामा : मग फौजेला वेगळं कशाला काढतेस? देशात आहे तेच फौजेत आहे.

मी : तुमच्या भरतीत छाती मोजतात, डोळे तपासतात, पळवतात, शेकड्यांतून मोजके उचलतात. पगार महिन्याच्या महिन्याला, दवाखाना फुकट, जेवण वेळेवर. अशा निवडलेल्या माणसांचा दर बाहेरच्या जगाच्या जवळपास जातो, माझी काळजी तिथूनच सुरू होते.

मामा : काळजी कर, पण कारण नीट शोध. कारण घरी असतं. बांधाचं भांडण, भावकी, बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, बायकोचं आणि आईचं पटत नाही. आमच्या वेळी पंधरा दिवसांनी पत्र यायचं. तोवर भांडण मिटलेलं असायचं. आता पोरगा संत्री ड्युटीवरून उतरतो आणि फोनवर अख्खं घर त्याच्या कानात रडतं. तो हजार मैलांवर. करणार काय?

मी : पटतं मला. गृह मंत्रालयाने केंद्रीय पोलीस दलांसाठी एक कृती दल नेमलं होतं. त्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये समोर आला. ८० टक्क्यांहून जास्त आत्महत्या सुट्टीवरून परतल्यानंतर झालेल्या. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं, दुखणं घरून येतं. पण ते घेऊन माणूस येतो कुठे? तुमच्या दारात. दारातून आत येताना त्याला कोण काय विचारतं?

मामा : विचारतात की. आल्याबरोबर हवालदार मेजरपुढे रिपोर्ट करायचा असतो. "घर पे सब ठीक?"

मी : आणि उत्तर?

मामा : "ठीक है साब."

मी : दरवेळी?

मामा काही बोलले नाहीत. बाहेर एक कंटेनर मागे घेतला जात होता, त्याच्या शिटीचा आवाज खोलीभर घुमत राहिला. मीच पुढचं पान उलटलं.

मी : फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम नावाचा समाजशास्त्रज्ञ होता. त्याचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७ चा. युरोपातल्या देशांचे आकडे मांडून त्याने दाखवलं की सैनिकांमधला दर नागरिकांपेक्षा जास्त आहे. एकटेपणाने माणसं जातात हे त्यालाही दिसलं होतं. पण सैनिकांबद्दल त्याने उलट सांगितलं. ते समूहात इतके विरघळलेले असतात की स्वतःच्या जिवाची किंमत कमी वाटू लागते. नोकरी जितकी जास्त, तितका धोका जास्त. नवख्या रंगरुटापेक्षा मुरलेल्या शिपायाला. दाब हा शब्द मी तिथून घेतला.

मामा : त्या विद्वानाला पोस्टवर पाठवायला हवा होता. एका बंकरमध्ये आठ जण, मध्ये एक बुखारी, बाहेर छातीपर्यंत बर्फ. तिथे सहा महिने काढून बघ म्हणावं. विरघळला नाहीस तर जगणार नाहीस. कुणाचा पाय गारठला तर दुसरा स्वतःच्या पोटाशी धरून बसतो. याला दाब म्हणतेस?

मी : नाही. त्याला मी आपलेपणाच म्हणेन. माझा प्रश्न पुढचा आहे. त्या आठांतल्या एकाचा पाय गारठला तर बाकीचे सात पुढे येतात. त्याचं मन गारठलं तर?

मामा : सांगायला पाहिजे ना त्याने!

मी : सांगितलं तर काय होतं तेही सांगा. तुमच्या शेप या वैद्यकीय वर्गवारीतला पहिला एस मनाचा. डॉक्टरने तिथे खूण केली की शेप-वन गेलं, कोर्स गेला, बढती लांबली, हत्यार काढून घेतलं. सगळ्या कंपनीला कळलं. प्रयत्न करून वाचलाच, तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ६४ खाली तो गुन्हा. बाहेरच्या माणसासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, हा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चाला आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. फौजेच्या कायद्यात मात्र अजून शिक्षा लिहिलेली आहे. मग "ठीक है साब" याखेरीज तो दुसरं काय म्हणेल?

मामा : कायदा कागदावर असतो, माणूस माणसापुढे असतो. आमच्या पलटणीचे एक सीओ साहेब होते. लंगरमध्ये कधीही यायचे, पंगतीत बसायचे. प्रत्येकाचं गाव पाठ. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीची दहावी, सगळं ठाऊक. एकाने ताट अर्धं टाकलं तर मला विचारायचे, "सुभेदार साब, उसका क्या चल रहा है?" त्यांच्या काळात एकही वाईट बातमी आली नाही. तुझ्या सगळ्या टिपणांचा निचोड एका वाक्यात लिही : साहेब चांगला असावा.

मी : आणि ते साहेब किती दिवस होते?

मामा : अडीच वर्षं.

मी : पुढचे?

मामा : (थांबून) पुढच्यांना प्रमोशनची घाई होती. छुट्टीचे अर्ज टेबलावर पडून राहायचे. चुकलं की सगळ्यांसमोर फाडून काढायचे. ज्या हवालदाराला आम्ही जेसीओसुद्धा मान द्यायचो, त्याला पोराटोरांसमोर बोलायचे.

मी : म्हणजे चांगला साहेब हे नशीब झालं. मामा, बदलीच्या हुकमावर कुणाचा जीव टांगून कसं चालेल? युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये एका कर्नलने २०२० मध्ये अभ्यास केला. भूदलातले निम्म्याहून जास्त लोक तीव्र ताणाखाली असल्याचं त्याने मांडलं. आकड्यावर पुढे बराच वाद झाला, पण कारणांची यादी वाचा. जवानांच्या बाबतीत : सुट्टी मिळायला उशीर किंवा नकार, कामाचा अतिरेक, घरचे प्रश्न, वरिष्ठांकडून अपमान, सन्मानाचा अभाव. आत्ता तुम्ही तेच सांगितलंत. अधिकाऱ्यांच्या बाबतीत पहिलं कारणच नेतृत्वाचा कमी दर्जा. त्या घाईतल्या साहेबावरसुद्धा वरून कुणीतरी बसलेलं होतं.

मामा : हे खरं. कंपनी कमांडर म्हणजे पंचविशी-तिशीतलं पोरगं. त्याच्याकडे शंभर-सव्वाशे माणसं, त्यातली निम्मी इकडेतिकडे ड्युटीला वाटलेली. वरून कागद, खालून अर्ज. तो रडायला कुणाकडे जाणार?

मी : देवळालीचं आठवतं? २०१७.

मामा : आठवतं. तोफखान्याचा पोरगा. सहायक म्हणून अधिकाऱ्याच्या घरी कराव्या लागणाऱ्या कामांबद्दल व्हिडिओत बोलला होता. चेहरा झाकलेला होता, पण...

मी : व्हिडिओ आला आणि काही दिवसांत छावणीत त्याचा मृतदेह सापडला. बातमी काढणाऱ्या पत्रकारावर गुन्हा दाखल झाला, तो २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. त्याच्या मनात काय चाललं होतं हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मी सांगणार नाही. पण लष्कराने तेव्हा काढलेल्या निवेदनात एक शक्यता मांडली होती : आपण वरिष्ठांना तोंडघशी पाडलं या अपराधी भावनेची. मी त्या ओळीपाशी फार वेळ अडकले. आपलेपणा असा असू शकतो की त्यात तक्रार म्हणजे फितुरी वाटते. दाब म्हणजे एवढंच म्हणायचं होतं मला.

मामा : बातमीवाल्यांपुढे जायला नको होतं.

मी : कुणापुढे जायला हवं होतं? दरबारात, सगळ्यांसमोर, सीओपुढे? तुम्ही स्वतः कधी सैनिक संमेलनात उठून "साहेब, मला झोप येत नाही" म्हणालात?

मामांनी डब्याचं झाकण लावलं. भाकरी अर्धी शिल्लक होती. ते माझ्याकडे न बघता बोलू लागले. पुढचं मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

मामा : माझ्या प्लाटूनमध्ये एक पोरगा होता. मी तेव्हा नायब सुभेदार. कबड्डीत एकदम पुढे, गाणं म्हणायचा. छुट्टीवरून आला तो गप्प. मी विचारलं, "सब ठीक?" म्हणाला, "ठीक साब." मी वहीत खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. चौथ्या दिवशी तो गेला. माझ्या हिशोबात तो चारही दिवस हजर होता. अगं, मी माणसं मोजली, बघितली नाहीत.

मी : मामा...

मामा : थांब, संपलं नाही. त्याच्या दुसऱ्या सकाळी रोल कॉल. त्याच्या जागी पोकळी. मी म्हणालो, "सरको." पोरं सरकली, रांग सरळ झाली. नंतर त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. वाटलं, बोललो तर बाकीच्यांची हिंमत खचेल. त्याचा जोडीदार, एकाच बंकमध्ये झोपणारा, त्याच्याशीसुद्धा बोललो नाही. त्या पोराने पुढे नोकरी सोडली.

मी : २०२३ मध्ये एका अग्निवीराच्या मृत्यूनंतर वाद झाला होता. तेव्हा लष्कराने सांगितलं की स्वतःच्या हाताने झालेल्या मृत्यूला १९६७ च्या आदेशाप्रमाणे लष्करी मानवंदना देत नाहीत, आणि २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जण असे जातात. घरच्यांना पैशांची मदत मिळते. पण शेवटच्या रांगेत उभं राहायला पलटण येत नाही.

मामा : त्यावर मी तुझ्या बाजूने लगेच येणार नाही. मानवंदना जो लढताना पडला त्याची. ती सरसकट केली तर एखाद्या खचलेल्या पोराला तीच वाट मानाची वाटेल. ही भीती खोटी नाही.

मी : खोटी नाही. आत्महत्येचा गौरव होऊ नये हे आमच्याही शिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात. बिगुल वाजवा असं मी म्हणत नाही. पण चार जोडीदार त्याच्या गावी जाऊन आईच्या शेजारी बसले, "हा आमचा होता" एवढं म्हणाले, तर कुठला आदेश आड येतो?

मामा : (बऱ्याच वेळाने) कुठलाच नाही. आम्ही गेलो नाही एवढंच.

मी : आता तुमच्या म्हणण्याला बळ देणारी गोष्ट सांगते. अमेरिकेच्या हवाई दलाने १९९६ मध्ये अकरा कलमी कार्यक्रम सुरू केला. पहिली अट म्हणजे वरचे सेनापती स्वतः बोलणार : मदत मागणं ही ताकद आहे, आणि मागणाऱ्याचं नुकसान होणार नाही. काही वर्षांनी तपासलं तर आत्महत्येचा धोका एक तृतीयांशाने घटलेला. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. कुणाची चौकशी झाली, तर खोलीतून बाहेर पडताना त्याला एकटं सोडायचं नाही. त्याच्या वरिष्ठाच्या हाती सोपवायचं. बदनामीच्या पहिल्या रात्री कुणीतरी सोबत हवं.

मामा : मग मी काय म्हणत होतो? साहेबच लागतो.

मी : साहेब लागतो, पण त्याच्या स्वभावावर सोडायचं नाही. नियमात बसवायचं. दुसरं बघा, हत्याराचं. इस्रायलच्या सैन्यात जवान आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल नेत. २००६ मध्ये ठरवलं, तळावरच ठेवा. वर्षाला होणाऱ्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. तीव्र लहर बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी साधन नसलं की माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. आपल्याकडे सुट्टीनंतरचे दिवस धोक्याचे, मग पहिला आठवडा बिनहत्यारी काम द्या ना.

मामा : ते करायला गेलं की पोरगा कायमचा डागी. कोतमध्ये त्याचं हत्यार जमा झालं हे दहा मिनिटांत लंगरमध्ये पोचतं.

मी : एकालाच दिलं तर. सगळ्यांनाच दिलं तर? सुट्टीवरून आलेला प्रत्येक जण, शिपाई असो की मेजर. मग कुणाकडे बोट दाखवणार?

मामा : पोस्टवर नाही जमणार. आठातला एक बिनहत्यारी, तर रात्रीचा संत्री कोण? (विचार करून) पण पीस स्टेशनला जमेल. पोस्टवर जायच्या आधी ट्रान्झिटमध्येही जमेल. सगळ्यांना म्हणालीस ना, मग जमेल.

मी : आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची फौजेसाठीची वेगळी शाखा पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून आहे. १४४१६ फिरवला की रात्रीही कुणीतरी उचलतं. घरचे लोकही फिरवू शकतात.

मामा : असू दे, चांगलं आहे. पण लंगरमध्ये ताट अर्धं टाकून उठलेला जवान तुझ्या १४४१६ ला दिसतो का? तो दिसतो शेजारच्याला. सेक्शन कमांडरला. नंबर फिरवायची ताकद नसते तेव्हाच तर माणूस बुडत असतो.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कबूल केलं.

मी : थॉमस जॉइनर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचे वडील असेच गेले. त्यांचं म्हणणं, दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाच्या मनात मरणाची इच्छा घर करते. मी कुणाचाच नाही, आणि मी सगळ्यांवर ओझं आहे. तिसरी गोष्ट, वेदनेची आणि मरणाची भीती मरणं. ही तिसरी तर फौज शिकवूनच देते. म्हणून पहिल्या दोन तिथे जास्त जपायला हव्यात.

मामा : ओझं. हां. घरी पैसे पुरत नाहीत म्हणून ओझं, पलटणीत मेडिकल कॅटेगरी आली म्हणून ओझं. दोन घरं असून माणूस बेघर.

मी : आणि उपाय कधी कधी किती लहान असतो बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने उपचार सोडून गेलेल्या रुग्णांना चार ओळींची पत्रं पाठवली. "तुमची आठवण झाली, बरे असाल अशी आशा." उत्तराची अपेक्षा नाही, उपचाराचा आग्रह नाही. एकूण ८४३ जणांपैकी जवळपास निम्म्यांना पत्रं गेली, बाकीच्यांना नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रवाल्यांमधले मृत्यू कमी. हे सुचलं कसं, तर दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः फौजेत असताना त्यांना पत्रं यायची, ती आठवून.

मामा : पत्रं! बघ, मी मघाशी तेच म्हणालो.

मी : म्हणालात. आणि आपल्या भिवंडीचंच एक सांगते. १९८४ ची दंगल माझ्या आईने पाहिली आहे. पुढे १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी ७० मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान एकत्र बसायचे, आणि मोहल्ल्याची जबाबदारी साध्या पोलिसावर सोपवली. ज्याला कुणी खुर्ची देत नव्हतं तो माणूस मोहल्ल्याचा जाणता झाला. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. नेतृत्व म्हणजे मला ते वाटतं. साहेबाने सगळं स्वतः बघणं नव्हे. शेवटच्या माणसाला बघण्याचा अधिकार देणं, आणि संकट नसताना रोज बसायची सवय लावणं. मग साहेबाची बदली झाली तरी सवय राहते.

मामा : म्हणजे हवालदाराला सांगायचं, ताट बघणं हेसुद्धा तुझं काम आहे. आणि बघून वर कळवलंस तर त्या पोराचं नुकसान होणार नाही, याची हमी साहेबाने द्यायची.

मी : याहून नेमकं मला लिहिता आलं नाही.

मामा : पण "पलटणीचा दाब" ते खोड. पलटण वाईट नाही.

मी : खोडते. तुम्ही सांगा काय लिहू.

मामा : लिही... माणूस पलटणीचा आहे की नाही हे तो परेडला उभा असतो तेव्हा कळत नाही. त्याला उभं राहता येत नाही तेव्हा त्याची जागा आपण धरून ठेवतो की रांग सरळ करून घेतो, त्यावरून कळतं.

मी ते तसंच उतरवून घेतलं. मानवंदनेवर आमचं एकमत झालं नव्हतं, झालंही नसतं. साडेनवाच्या सुमारास फाटकाशी रिक्षा थांबली. पाठीवर पिशवी, हातात पोतं, दोन दिवसांच्या प्रवासाने डोळे तांबारलेले, असा एक पंचविशीचा रखवालदार उतरला. मामा उठून बाहेर गेले. त्याने घाईघाईने सलाम ठोकला आणि सवयीने म्हणाला, "सब ठीक है साब." मामांनी काही विचारलंच नव्हतं.

"ठीक है या नहीं, बाद में बताना," मामा म्हणाले. "आज तेरी नाइट नहीं है. पहले बैठ."

त्यांनी त्याला खोलीत आणलं, डबा पुन्हा उघडला आणि उरलेली भाकरी त्याच्यापुढे सरकवली. मग स्वतः समोर बसले आणि तो किती खातो ते बघत राहिले.